गोव्याच्या शेजारचं बंदर

कुडाळहून निघालेली एसटी पिंगुळी, मठ मागे टाकत वेंगुर्ल्याकडे उतरते. रस्ता पंचवीसेक किलोमीटरचा. दोन्ही बाजूंना काजूची झाडं आणि जांभ्याचे गडगे. गावात शिरल्यावर आधी लागते ती पेठ. समुद्र शोधायला रिक्षा केली. रिक्षावाल्याने न विचारताच सांगितलं, "रेल्वे कुडाळाक गेली, इमान चिपीक इला. आमका आपलो दर्या."

बंदरावर उभं राहिलं की या 'आपल्या दर्या'ची अडचण कळते. डावी-उजवीकडे किनारा मोकळा, मोठ्या गलबताला आत घेईल अशी खोल खाडी नाही. मुंबई-गोवा बोटी होत्या तेव्हाही त्या बाहेरच नांगर टाकायच्या आणि उतारू होड्यांतून धक्क्याला लागायचे. क्षितिजावर वेंगुर्ला रॉक्स हे खडकांचे पुंजके आहेत. तिथे दीपगृह आहे आणि गुहांमध्ये लाळेने घरटी बांधणाऱ्या पाकोळ्यांची वस्ती. त्या घरट्यांचं सूप करून पिणारे चिनी गिऱ्हाईक असल्याने इंग्रजी अमदानीत घरट्यांचाही मक्ता दिला जाई. महसुलाची अशी नजर क्वचितच कुणाची असेल!

एवढ्या उघड्या बंदरात डच का आले, याचं उत्तर दक्षिणेकडे आहे. समुद्रमार्गे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर गोवं. पोर्तुगीजांचं नाक दाबायचं तर पावसाळा सरताच गोव्याच्या तोंडाशी जहाजं उभी करायची, आणि त्या जहाजांना पाणी, तांदूळ, शिवाय शत्रूच्या बातम्या जवळच कुठून तरी मिळाल्या पाहिजेत. वेंगुर्लं तेव्हा आदिलशाहीकडे होतं. १६३७च्या सुमारास डचांनी इथे वखार घातली. फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निए १६४८ साली इथे उतरला. इथलं पाणी उत्तम आणि तांदूळ चांगला, अशी नोंद त्याने केली आहे. नाकेबंदीतल्या खलाशाला मिरी-वेलचीपेक्षा तेच मोलाचं.

वखार पाहिली. जांभ्याच्या जाड भिंती, पडकं छप्पर, भेगांतून घुसलेली मुळं. राज्य संरक्षित स्मारक म्हणवणाऱ्या वास्तूची ही कळा पाहून राग येतो. तटबंदीचा किल्ला असता तर शिवप्रेमींनी तरी धाव घेतली असती. व्यापाऱ्याच्या गोदामाला कोण विचारतो?

१६६३मध्ये डच-पोर्तुगीज लढाई थांबली आणि वखारीचं मुख्य काम संपलं. सतरावं शतक सरेपर्यंत डचांचा इथला पसारा आटोपला. मग सावंतवाडीकर आले, आणि १८१२ साली त्यांच्याकडून गाव इंग्रजांकडे गेलं. इंग्रजांना वेंगुर्लं हवं होतं ते घाटमाथ्यासाठी. आंबोलीचा घाटरस्ता झाला, बेळगावकडचा माल गाड्यांनी इथे उतरू लागला. पेठेतलं क्रॉफर्ड मार्केट त्याच भरभराटीची खूण. पण १८८८च्या सुमारास मुरगावहून घाट चढणारी रेल्वे सुरू झाली आणि घाटमाथ्याचा माल तिकडे वळला. गोव्यामुळे नावारूपाला आलेलं बंदर गोव्यानेच रिकामं केलं.

उरली ती बारा हजारांच्या आसपास वस्तीची, दीडशे वर्षांची होत आलेली नगरपरिषद. तिला मी कमी लेखलं असतं, पण इथे इतर गावांचे नगरसेवक कचरा बघायला येतात. घराघरातून वेगवेगळा करून आणलेला ओला-सुका कचरा, त्यातून बायोगॅस, चिरडलेलं प्लास्टिक डांबरात मिसळून केलेले रस्ते. कचरा डेपोच्या जागेला पर्यटनस्थळाचं रूप दिलंय. हिंडलो, नाकाला रुमाल लावावा लागला नाही.

परतीच्या बसला वेळ होता म्हणून फळ संशोधन केंद्राकडे वळलो. हापूस आणि नीलमच्या संकरातून झालेला 'रत्ना' आंबा इथला. त्याचा पुन्हा हापूसशी संकर करून बारीक कोयीचा 'सिंधू' काढला तोही इथेच. काजूच्या तर 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' अशा जातीच गावाच्या नावाने कोकणभर लावल्या जातात. काजू मुळात ब्राझीलचा, आणि तो या किनाऱ्यावर आणला पोर्तुगीजांनी. तेवढं देणं मात्र गोव्याच्या बाजूने जमा धरायला हवं.