व्रत आणि नेम

मराठी मनात आहाराचे नियमन उपवासाच्या रूपानेच वसत आलेले आहे. पोट सुटले, डॉक्टरांनी दटावले, की माणूस सोमवार धरतो, संकष्टी धरतो, गोड वर्ज्य करतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असे म्हणून भाषेने त्याची थट्टाही करून ठेवली आहे. साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी पुढे आली, की या म्हणीचे मर्म पटते. परंतु तिचा रोख केवळ फराळावर नाही. मुदत ठरवून केलेल्या त्यागाच्या स्वभावावरही आहे. व्रताला संकल्प असतो, तसे उद्यापनही असते. आणि वजन परतते ते बहुधा उद्यापनानंतरच.

नोकरीनिमित्त दिल्लीत येऊन तेथेच रुळलेल्या मराठी गृहस्थाला हा अनुभव परिचयाचा आहे. भाकरीच्या जागी लोण्याचा गोळा ल्यालेला पराठा येतो, हिवाळ्याबरोबर गाजराचा हलवा आणि लग्नसराई येते. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 24 टक्के स्त्रिया आणि 22.9 टक्के पुरुष अतिवजनाच्या वर्गात आढळले. दिल्लीत हेच आकडे 41.3 आणि 38 होते. त्यातून आपली अंगकाठी फसवी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के.

असा गृहस्थ निश्चयाने दहा किलो उतरवतो. सदरे सैल होतात, आप्तेष्ट कौतुक करतात. पुढच्या होळीपर्यंत ते दहा किलो परतलेले असतात आणि त्यांच्यासोबत व्रतभंगाची शरमही आलेली असते. वजनापेक्षा ही शरमच जड. ती माणसाला आरशापासून, वजनकाट्यापासून आणि शेवटी डॉक्टरांपासूनही दूर नेते.

वस्तुतः या शरमेला आधार नाही. 2011 साली मेलबर्नच्या संशोधकांनी 50 स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अत्यल्प आहार दिला. वर्ष उलटल्यावर तपासले, तेव्हाही भूक जागवणारी आणि शमवणारी संप्रेरके पूर्वपदावर आली नव्हती. शरीराला त्याग कळत नाही, दुष्काळ कळतो. आणि दुष्काळ सोसलेले शरीर पुढे दीर्घकाळ कणगी भरण्याच्या मागे लागते. वजनाचे परतणे हा चारित्र्याचा दोष नसून देहाची जुनी सावधगिरी आहे.

मग काही जणांचे उतरलेले वजन टिकते ते कसे? अमेरिकेत 1994 पासून अशा लोकांची एक नोंदवही ठेवली गेली. किमान 13.6 किलो वजन कमी करून ते वर्षभर राखलेल्यांनाच तीत प्रवेश होता. त्यांच्या आहाराच्या पद्धती निरनिराळ्या होत्या. पण बहुतेकांचा दिवसाकाठी सुमारे तासाभराचा व्यायाम, न चुकणारी न्याहारी आणि नियमाने केलेले वजन एवढे समान होते. दोन ते पाच वर्षे टिकाव धरणाऱ्यांना पुढचा मार्ग सोपा जातो, असेही दिसून आले. यात पराक्रम कोठेच नाही. आहे तो केवळ नेम.

व्रत आणि नेम यांतील अंतर येथे कळते. व्रत एकदा मोडले की मोडलेच. नेम एक दिवस चुकला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहतो. दिल्ली तर त्याची कसोटीच पाहते. नोव्हेंबरात धुरक्याने बागांमधील सकाळ विषारी होते, जूनमध्ये लू वाहते. व्रतस्थाला यात थांबण्याचे निमित्त सापडते. नेमस्थ घरातल्या घरात फेऱ्या घालतो, लग्नात एक गुलाबजाम खातो आणि त्याचे प्रायश्चित्त घेत बसत नाही.

हा मनोधर्म मराठी माणसाने दुसरीकडून आणण्याची गरज नाही. पंढरपूरला पोहोचला म्हणून वारकरी गळ्यातली माळ उतरवून ठेवत नाही. त्याची वारी एका आषाढीला पुरी होते, ती पुढच्या आषाढीला पुन्हा निघण्यासाठी. देहाची वारीही तशीच असते. तिला मुक्काम असतात, उद्यापन नसते.