काळ्या लोकरीचे कोस्टर

आमच्या घरी चहाचा पेला, पाण्याचा तांब्या, गॅसवरून उतरवलेलं दुधाचं पातेलं, सगळं आता लोकरीच्या काळ्या चकतीवर टेकतं. चकती पाच-सहा मिलिमीटर जाडीची. ती विणलेली नाही, शिवलेली नाही, तिला डिंकही लावलेला नाही. लोकर, साबणाचं गरम पाणी आणि हातांची मेहनत एवढ्यावर ती उभी राहते.

स्टेशनरीच्या दुकानात शाळेच्या प्रकल्पासाठी जे रंगीत फेल्ट मिळतं, त्याचेही कोस्टर करता येतात, पण ते बहुतेक पॉलिएस्टर असतं. तापलेलं भांडं त्यावर ठेवलं की ते मऊ पडतं आणि बुडाला चिकटतं. लोकर वितळत नाही. ती करपते, केस जळल्याचा वास येतो आणि ज्योत बाजूला केली की विझते. मी शाळेत शास्त्र शिकवते. दोन्हींचे तंतू चिमट्यात धरून मेणबत्तीवर जाळून दाखवण्याचा प्रयोग माझ्या आवडीचा. त्या प्रयोगासाठी खरी लोकर हवी होती आणि तिथूनच हे सारं सुरू झालं.

आमचं घर भोरच्या बाजूला. दिवाळी झाली की माण, फलटणकडचे धनगर मेंढरं घेऊन वरंध घाटाने कोकणात उतरायला निघतात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. रात्रभराच्या लेंड्यांनी रान खतावतं आणि धनगराला धान्य नाहीतर पैसे मिळतात. धनगरांचा असाच एक वाडा, म्हणजे मेंढरांसकटचा तळ, आमच्या शेजारच्या रानात उतरला होता आणि मेंढरं कातरायचं काम चाललं होतं. मेंढीचे पाय बांधून तिला आडवी केलेली, लोखंडी कातर पोटाकडून पाठीकडे चाललेली. अंगाला कुठे चिरा न पडता सगळी लोकर एका पांघरुणासारखी सुटून येत होती. बाजूला तिचा ढीग पडला होता. काळी, राखाडी, मधूनच तांबूस.

मी कातरणाऱ्या धनगराला म्हटलं, "मामा, यातली थोडी विकत द्याल का?"

"न्या की बाई, पाटी भरून न्या. इकत कशाला? लोकरीला आता कोण इचारतंय! आमच्या आज्याच्या वक्ताला घोंगड्या इणणारा सनगर सोता वाड्यावर यायचा, आगाऊ पैसे ठेवून जायचा."

शेजारी बसलेल्या त्यांच्या कारभारणीने मात्र एक वेगळं गाठोडं पुढे ओढलं. "घेताय तर ह्ये घ्या. जावळ हाय."

कोकराची पहिली कातरणी म्हणजे जावळ. घोंगड्यातही जावळाच्या घोंगड्याचा मान मोठा, कारण ती लोकर सगळ्यात मऊ. त्या बाईने वर्षानुवर्षांचं ज्ञान एका वाक्यात माझ्या हातात ठेवलं. पुढे कोस्टर जमले ते त्या गाठोड्यामुळे.

दख्खनी मेंढीची लोकर भरड असते. तिच्यात खऱ्या लोकरीबरोबर केसासारखे ताठ तंतू बरेच असतात. गालिचे, घोंगड्या यांना ती चालते. अंगाला लागून घालायच्या स्वेटरला नाही. त्यात पैसा आता मटणात आहे. जत भागातली माडग्याळ मेंढी घ्या. उंच, पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची, बाजारात भाव खाणारी, पण अंगावर लोकर नावालाच. दख्खनीच्या लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी अशा पोटजाती सांगतात, त्यांच्या कळपांतही आता वजनाकडेच बघितलं जातं. कातरणं तर टाळता येत नाही, कारण वाढलेल्या लोकरीत गोचिडी आणि घाण साठते. मग खर्च करून कातरायचं आणि लोकर बांधावर टाकून पुढे जायचं, अशी वेळ अनेक वाड्यांवर येते. हे मला फार लागतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या लोकरीच्या घोंगड्यांनी या मुलखाला पाऊस आणि थंडी सोसायला शिकवलं, तिला आज खताच्या खड्ड्यात जागा.

लोकर घरी आणल्यावर पहिलं काम निवडण्याचं, आणि मला ते सगळ्यात जास्त आवडतं. दुपारी ओसरीवर जुनी चादर पसरायची, लोकरीचा एकेक झुबका उजेडात धरायचा आणि बोटांनी उकलायचा. त्यात मेंढरू जिथे जिथे चरलं तिथली खूण असते. गोखरूचे काटे, कुसळं, बाभळीची बारीक पानं, वाळलेली लेंडी. मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचं. मेंढीच्या घामातले क्षार पाण्यात उतरतात आणि सकाळी ते काळपट पाणी झाडांना घालता येतं. नंतर हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात साबण विरघळवून त्यात लोकर नुसती बुडवून ठेवायची. या वेळी चोळायचं, पिळायचं नाही. खंगाळायचं पाणीही तेवढंच गरम हवं. सावलीत वाळवायचं. सुकली की कुत्र्या-मांजरांचे केस विंचरायचे तारेचे दोन ब्रश घेऊन पिंजायची. पूर्वी पिंजारी धनुकलीच्या तातीवर हे काम करायचे. ब्रशने वेळ लागतो, पण हातभर ढगासारखी लोकर समोर जमली की शीण जातो.

ही लोकर एकमेकींत गुंतते कशी, हे मी मुलांबरोबर शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. काचपट्टीवर नखांना लावायच्या रंगहीन पॉलिशचा पातळ थर द्यायचा, तो ओला असताना लोकरीचा एक तंतू त्यावर ठेवायचा आणि सुकल्यावर अलगद सोलून काढायचा. मागे जो ठसा राहतो त्यात, ४०० पट मोठं करून पाहिलं की, तंतूवरचे खवले दिसतात. सगळ्या खवल्यांची तोंडं टोकाकडे. त्यामुळे तंतू हलतो तो एकाच दिशेला, मुळाकडे. उलटा सरकायला गेला की खवले अडतात. लुगड्याच्या काठात शिरलेलं कुसळ जसं पावलागणिक वरच चढतं, तसंच. गरम पाण्याने तंतू फुगतो, साबणाने खवले उघडतात आणि वंगणही मिळतं. चोळत राहिलं की हजारो तंतू आपापल्या दिशेने पुढे घुसतात आणि मागे फिरू शकत नाहीत. लोकरीचा स्वेटर वॉशिंग मशीनमध्ये टाकल्यावर बाहुलीच्या मापाचा होतो, त्याचंही कारण हेच. जाड काळ्या तंतूंचे ठसेही आम्ही पाहिले. त्यांचे खवले अंगाला चिकटलेले, धार नसलेले. भरड लोकर गुंतायला आढेवेढे का घेते आणि त्या बाईने जावळ का पुढे केलं, हे त्या काचपट्टीवर माझ्या मुलांना दिसलं.

म्हणून माझी रीत ठरली ती अशी. मध्ये भरड लोकर, वर-खाली जावळ. दहा सेंटिमीटरच्या कोस्टरसाठी सुरुवातीला पंधरा सेंटिमीटरचा चौकोन मांडायचा, कारण लोकर आटते. दहा-बारा ग्रॅम पुरते. पहिला थर उभा, त्यावर आडवा, पुन्हा उभा, पुन्हा आडवा. थर इतके पातळ की खालचा हात दिसावा. विरळ जागा राहिली तर तिथे पुढे भोक पडतं, म्हणून डोळे मिटून तळव्याने चाचपावं. बोटांना जे कळतं ते डोळ्यांना कळत नाही. वर मच्छरदाणीचा तुकडा पसरायचा, धुण्याच्या वडीचा किस घातलेलं गरम पाणी शिंपडायचं आणि तळव्याने दाबून हवा काढायची. पहिली काही मिनिटं हात नुसता फिरवायचा, भार द्यायचा नाही. आधीच जोर लावला तर थर सरकतात आणि चकतीच्या पोटात सुरकुती राहते.

मग एक क्षण येतो. चिमटीत वरचे चार तंतू धरून उचलायचे. नुसते तेच हातात आले, तर अजून चोळायचं. त्यांच्याबरोबर अख्खा तुकडा उचलला गेला, तर लोकरीचं कापड झालं. मी हे कितीदा तरी पाहिलंय, तरी दर वेळी आनंद होतो. विणणारं कुणी नाही, माग नाही, ताणाबाणा नाही, आणि कापड झालेलं असतं!

पुढचं काम ताकदीचं. चटईच्या तुकड्यात तो ओला चौकोन ठेवून लाटण्याभोवती घट्ट गुंडाळायचा आणि ओट्यावर पुढे-मागे लाटायचा. थोड्या वेळाने उघडून पाव वळसा फिरवायचा, कारण ज्या दिशेने लाटतो त्या दिशेने तो आटतो. चारही बाजूंनी आटला की हातात गोळा करून ओट्यावर आपटायचा. दर आपटण्याला तो घट्ट होत जातो. मनगटं भरून येतात, स्वयंपाकघरात ओल्या मेंढरांचा वास भरतो. साबण निघेपर्यंत धुऊन, शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून, वाटी ठेवून गोल कापायचा. कापलेल्या कडेला पुन्हा साबण लावून बोटाने घासली की ती मिटते. मग पाटाखाली दाबून सुकवायचा. काळ्यावर राखाडी लोकरीची एखादी रेघ शेवटच्या थरात घातली तर ती आतच गुंतून जाते. रंग मी लावत नाही. काळा, करडा आणि उन्हाने टोकाशी तांबूस झालेला काळा, एवढे रंग मेंढी स्वतःच देते.

ही विद्या फार जुनी. अल्ताई पर्वतात पाझिरिक इथल्या, बर्फात गोठून राहिलेल्या थडग्यांत २२०० वर्षांहून जुना नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेलं असंच कापड, निघाला. त्यातले नमद्याचे हंस आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. किरगिझांची अला-कियिझ आणि शिर्दक ही नमद्याची कला २०१२ साली युनेस्कोने तातडीने जपायच्या यादीत घेतली. आपल्याकडे काश्मीरचा आणि राजस्थानातल्या टोंकचा नमदा लोकांना ठाऊक असतो. आणि याच कुळातलं आपलं स्वतःचं, लोकर दाबून-लाटून केलेलं जेन कोल्हापूरकडच्या घोंगडीवाल्यांच्या दुकानात अजून मिळतं. त्याच कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा आणि खोबऱ्याबरोबर लोकरही उधळतात. देवावर उधळायची ती वस्तू रस्त्याकडेला टाकून द्यावी लागते, याला आपण सारे जबाबदार आहोत, कारण विकत घेणारे आपण आहोत.

काहीजण कोस्टरसाठी परदेशी मेरिनो लोकरीचे गुंडे मागवतात. मेरिनो झटकन गुंतते, कापड मऊसूत होतं, रंग सुंदर मिळतात. पण पेल्याखाली ठेवायच्या वस्तूला गालाशी धरण्याइतका मऊपणा कशाला? उलट दख्खनी लोकरीचे ते ताठ तंतू इथे कामाला येतात. चकती दबून पातळ होत नाही, भांडं काढलं की पुन्हा उभारी धरते. उन्हाळ्यात फ्रिजमधल्या पाण्याचा पेला भरला की बाहेरून घाम सुटतो. काचेचा किंवा लाकडाचा गुळगुळीत कोस्टर त्या ओलीने पेल्याच्या बुडाला चिकटून वर येतो. लोकर ते पाणी पिऊन टाकते. स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओल धरूनही ती हाताला ओली लागत नाही. गरम भांड्याची धगही टेबलापर्यंत जात नाही, कारण तंतूंमध्ये हवा अडकलेली असते. माझ्या जेवणाच्या सागवानी टेबलावर या चकत्या आल्यापासून नवा पांढरा डाग पडलेला नाही.

जपायचं ते कसरीपासून. पावसाळ्याआधी कडक ऊन द्यावं, ठेवणीतल्या चकत्यांत कडुनिंबाचा वाळला पाला घालावा. धुवायच्या तर थंड पाण्यात, रिठ्याच्या फेसात, न चोळता.

पुढच्या वर्षी तो वाडा आला तेव्हा मी चकत्या घेऊन गेले. मामांनी एक उलटसुलट केली, वाकवून पाहिली, नखाने कड उचकटायचा प्रयत्न केला. कड हलली नाही. "हां, दाबलीय चांगली," एवढंच म्हणाले. कारभारणीने त्यावर चहाचा पेला ठेवला आणि ती ठेवूनच घेतली. त्या वर्षी मी लोकर वजनावर घेतली आणि तिचे पैसे दिले. त्यांनी आधी नको म्हटलं, मग मोजून घेतले.

तुमच्या शिवारात मेंढरांचा वाडा उतरला तर जाऊन लोकर मागा. फुकट देतील, पण फुकट घेऊ नका. कातरणाऱ्याची मजुरी निघेल एवढा तरी भाव किलोमागे ठरवा. आणि जावळ वेगळं बांधून मागा, त्याचे पैसे जास्त द्या.