बंद झालेलं मॉडेल

मे-जूनमध्ये लखनौत लू सुटते आणि गंगेच्या मैदानातली बारीक माती बंद खिडक्यांच्या फटींतूनही घरात शिरते. तखतावरच्या चांदणीवर, गालिच्याच्या विणीत, पुस्तकांच्या माथ्यावर ती पिठासारखी बसते. झाडूने उठवावी, तर पंख्याच्या वाऱ्यावर फिरून पुन्हा तिथेच उतरते. 1982 साली स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सबरोबरच्या भागीदारीतून युरेका फोर्ब्ज उभी राहिली आणि टाय लावलेली तरुण मुलं युरोक्लीन हा व्हॅक्यूम क्लीनर घेऊन शहराशहरांतून दारोदार हिंडू लागली. त्यांचं प्रात्यक्षिक साधं असे. वरवर स्वच्छ दिसणाऱ्या गादीवरून नळी फिरवायची, मग यंत्र उघडून निघालेली धूळ घरच्यांसमोर ठेवायची. ही रीत मूळची इलेक्ट्रोलक्सची. ॲक्सेल वेनर-ग्रेन यांनी 1919 मध्ये उभारलेल्या त्या कंपनीने 1921 साली ‘मॉडेल व्ही’ आणलं, पट्ट्यांवर सरकणारं आडवं नळकांडं, आणि तेही घरोघरी जाऊन विकलं. दुकानात गिऱ्हाईक वस्तूपाशी जातं. इथे वस्तूच दिवाणखान्यात आली, चहा झाला, आणि ‘काही लागलं तर आम्ही आहोत’ असं सांगून विक्रेता उठला. माझं म्हणणं असं, की ते आश्वासन वॉरंटीच्या कागदाबरोबर संपत नाही. यंत्र नीट चालू शकतं तोवर बनवणाऱ्याने त्याला बांधील राहिलं पाहिजे.

त्या पिढीचं यंत्र उघडून पाहावं. दोन खटके सोडले की झाकण सुटतं. आत कापडी पिशवी, तिच्या तोंडाशी रबराचा वायसर, खाली पंखा आणि मोटर. बिघडतं तेही बहुधा ठरलेलंच: मोटरचे कार्बन झिजतात, बेअरिंग आवाज करू लागतं, नळी मानेपाशी चिरते, वायसर कडक होऊन हवा सोडतो. कार्बन कुठलेही घासून मापात बसवता येतात, वाइंडिंग जळालं तर नवं भरून मिळतं. लखनौच्या लाटूश रोडला काय किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काय, असली कामं जाणणारे हात आहेत. नळीची मान आणि पिशवीचं तोंड मात्र त्या-त्या मॉडेलच्या मापाचं, ते बाहेर मिळत नाही. म्हणजे तांब्या-लोखंडाचा ऐवज धडधाकट, आणि प्लॅस्टिकच्या एका कड्यापायी सगळं भंगारात. काउंटरवर विचारायला गेलेल्याला उत्तर मिळतं, ‘ते मॉडेल बंद झालं’, आणि लगोलग एक्स्चेंजचा भाव सांगितला जातो. पण मॉडेल काही आपोआप बंद होत नाही. ते कुणीतरी ठरवून बंद करतं, आणि ठरवताना ज्यांच्या घरी ते अजून चालतंय त्यांना कुणी विचारत नाही.

ग्राहकाच्या हेलपाट्यांनाही किंमत असते, हे या देशात ठामपणे सांगितलं गेलं ते लखनौच्याच एका प्रकरणात. पैसे भरूनही घर ठरल्याप्रमाणे हाती आलं नाही, अशी लखनौ विकास प्राधिकरणाविरुद्धची ती तक्रार. आपण कायद्याने स्थापलेली संस्था, तेव्हा 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा आपल्याला लागू नाही, असा प्राधिकरणाचा बचाव होता. 5 नोव्हेंबर 1993 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. घरबांधणी ही सेवाच ठरली. भरपाई नुसत्या पैशांच्या तोट्याची नव्हे, मनस्तापाची आणि छळाचीही मिळू शकते असं ठरलं. आणि त्रास देणाऱ्या अधिकाऱ्यांकडून ती रक्कम वसूल करण्याची वाटही मोकळी झाली. यावर कुणी म्हणेल, कंपनीने वस्तू दिली, वॉरंटी पाळली, आता छळ कसला? कायद्याच्या अक्षरापुरतं ते खरं आहे. पण त्या निकालाने व्यवहाराच्या हिशेबात ग्राहकाचे खेटे आणि ताटकळणं धरायला शिकवलं, आणि तो हिशेब वॉरंटीच्या तारखेला का थांबावा, याचं समाधानकारक उत्तर मला सापडत नाही. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात येऊ दिली नाही म्हणून. प्रकरण पुढे अपिलात गेलं, तरी मोटारीला लावलेला न्याय धूळ ओढणाऱ्या मोटरला लागू नये असं त्यात काही नाही.

कंपन्यांची खरी अडचण गोदामाची आहे, आणि ती मी हलकी मानत नाही. दर चार वर्षांनी बदलणाऱ्या मॉडेलची प्रत्येक नळी कायमची साठवून ठेवा, असं कुणी म्हणू नये. पण मानेचं माप मॉडेलागणिक बदलायचं कारण काय? जोड एकसारखे ठेवले तर गोदाम आपसूक लहान होतं; आणि एखादा भाग काढायचाच बंद केला, तर त्याची मापं जाहीर करावीत, म्हणजे दुसरा कुणी तो बनवील. जुनी यंत्रं वीज खातात, हा दुसरा आक्षेप. युरोपीय संघाने याच कारणाने व्हॅक्यूम क्लीनरची कमाल क्षमता 2014 मध्ये 1,600 वॅटच्या आत आणली आणि 2017 मध्ये 900 वॅटच्या. पण त्याच नियमावलीने 2017 पासून आणखी दोन अटी घातल्या: नळी 40,000 वेळा वाकवली तरी कामाची राहिली पाहिजे आणि मोटर किमान 500 तास चालली पाहिजे. वीज वाचवणं आणि यंत्र टिकवणं एकाच कागदावर मागता येतं, याचा याहून चांगला पुरावा कुठला?

राहिला तिसरा आक्षेप, की दुरुस्ती लोकांनाच नको असते, नवंच हवं असतं. ज्याला कडंच मिळत नाही त्याने नवं घेतलं, तर ती त्याची आवड कशी म्हणायची? निवड करायला आधी दोन वाटा दिसाव्या लागतात. नोव्हेंबर 2022 पासून फ्रान्समध्ये व्हॅक्यूम क्लीनर विकताना तो दुरुस्तीला किती सोपा आहे, याचे दहापैकी गुण दाखवावे लागतात. सुटे भाग मिळतात का, केवढ्याला मिळतात, यंत्र उघडतं कसं, हे सगळं त्या गुणांत धरलेलं असतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपल्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात घरगुती उपकरणांचाही समावेश आहे. पोर्टल चांगलंच आहे, पण ते यंत्र बिघडल्यावर शोधलं जातं; ग्राहकाला माहिती हवी असते ती पैसे मोजण्याआधी. लखनौच्या अमीनाबादेतल्या दुकानात खोक्यावर जिथे किंमत छापलेली असते, तिथेच हेही छापलेलं असावं: या मॉडेलचे सुटे भाग कोणत्या सालापर्यंत मिळतील, आणि त्यानंतर त्यांची मापं कुठे मिळतील.