हवेचे गाळणे

पाणी गाळून घेण्याची रीत आपल्या घरांतील मुलांना मुद्दाम शिकवावी लागत नाही. ती पाहून पाहूनच कळते. जाड सुती कापड दुहेरी करून भांड्याच्या तोंडावर धरायचे, पाणी सावकाश ओतायचे, कापडावर राहिलेली जिवाणी मूळ पाण्यात परत सोडायची आणि गाळणे सुकत घालायचे. विरलेले गाळणे कोणी चालवून घेत नाही. म्हणूनच हवा शुद्ध करणारे यंत्र आमच्या घरी आले तेव्हा सौभाग्यवतींचा पहिला प्रश्न होता, "याचे गाळणे धुवायचे कधी?"

कुर्डुवाडीसारख्या गावी असले यंत्र कशाला, असे पुण्यामुंबईचे नातलग विचारतात. माझ्या लहानपणी या जंक्शनावर वाफेची इंजिने होती आणि बार्शी लाइटच्या छोट्या गाडीचा धूर वाळत घातलेल्या धोतरांवर उमटत असे. तो धूर गेला. पुढे उजनीचे पाणी आले, ऊस आला, पंचक्रोशीत कारखान्यांची धुराडी उभी राहिली. गळीत हंगामात सकाळी गच्चीवर चिपाडाच्या राखेचे काळे कण पसरलेले असतात. फडात पाचट पेटते, उसाच्या ट्रॉल्या रस्त्याची धूळ उडवतात. गच्चीवरची काजळी निदान डोळ्यांना दिसते, झाडता येते. फुप्फुसात खोल उतरणारे अडीच मायक्रॉनहून लहान कण दिसत नाहीत. आपल्या देशाच्या मानकानुसार असे कण चोवीस तासांच्या सरासरीत एका घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ सांगितली. केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्याच्या यादीत आपले सोलापूर शहरही आहे. सौभाग्यवतींना जुना दमा. हंगामात रात्री उशीला टेकून बसून काढाव्या लागत. डॉक्टरांनी सुचवले आणि मुलाने यंत्र पाठवून दिले.

यंत्राची रचना तशी साधी आहे. मागे पंखा, त्याच्यापुढे तीन थर. पहिली जाळी केस, कापसाचे तंतू, मोठी धूळ अडवते. दुसरा थर हेपा नावाचा, घड्याघड्यांचा पांढरा पट. तिसरा सक्रिय कोळशाचा. तो वास आणि काही वायू धरून ठेवतो, पण त्याची धारणशक्ती संपली की संपली. उन्हात ठेवून तो पुन्हा नवा होतो, या सांगीवांगीवर मी विसंबत नाही.

जाळीची स्वच्छता मी हंगामात दर आठवड्याला आणि एरवी पंधरवड्याने करतो. पुस्तिकेत महिन्यातून एकदा असे लिहिले आहे. पण ती पुस्तिका लिहिणाऱ्याने आमची गच्ची पाहिलेली नाही. काम दिवसाउजेडी करायचे. प्रथम बटण बंद, मग प्लग काढायचा. जाळी हलक्या हाताने काढून व्हरांड्यात आणायची आणि पाणी लावण्यापूर्वी नीट पाहायची. पावसाळ्यात यंत्राच्या दिव्याकडे येणारी चिलटे, बारीक पाखरे जाळीवर चिकटलेली असतात आणि त्यांतली काही जिवंत असतात. मऊ पुंजणीने ती कुंडीतल्या झाडावर सोडून मगच जाळी कोमट पाण्याने धुवायची. जयणा पाळायला यात दोन मिनिटांहून अधिक वेळ जात नाही. जाळी सावलीतच वाळवायची, कारण कडक उन्हात प्लॅस्टिकची चौकट वाकडी होते. पूर्ण कोरडी झाल्याशिवाय ती परत बसवायची नाही. ओल राहिली तर बुरशी धरते आणि आपणच ती खोलीभर पसरवतो.

खरा वाद झाला तो हेपाच्या पटावरून. चार महिन्यांत तो राखाडी झाला. सौभाग्यवतींचे म्हणणे, पाण्याचा हात लागल्याशिवाय एखादी वस्तू स्वच्छ झाली असे कसे म्हणायचे? नियमित देखभालीला आलेला तंत्रज्ञ म्हणाला, "काका, हवेच्या जोरदार फवाऱ्याने झटकून देतो, नव्यासारखा होईल." मी दोघांनाही नकार दिला. हा पट चाळणी नव्हे. त्याच्या सूक्ष्म तंतूंमधल्या मोकळ्या जागा पुष्कळ कणांहून मोठ्या असतात. मोठे कण वळणावर वळू न शकल्याने तंतूंवर आपटतात. अतिसूक्ष्म कण सैरभैर भटकत तंतूंना भिडतात. आणि एकदा स्पर्श झाला की चिकटून बसतात. निसटण्याची शक्यता सर्वाधिक असते ती मधल्या, सुमारे ०.३ मायक्रॉनच्या कणांना. म्हणून खऱ्या हेपाची परीक्षा त्याच मापावर घेतात आणि त्यात ९९.९७ टक्के कण अडले पाहिजेत. पाण्याने तंतू एकमेकांना चिकटून मध्ये वाटा पडतात, तंतूंवर विद्युतभार असेल तर तो जातो; फवाऱ्याने ते तुटतात. पट दिसायला उजळ होतो आणि कामातून जातो. पुस्तिकेत धुण्यायोग्य असे स्पष्ट छापले असेल, तेवढाच अपवाद.

पट बदलण्याची सूचना देणारा एक लाल दिवा यंत्रावर आहे. पण पुष्कळ यंत्रांत हा दिवा चाललेले तास मोजतो, साचलेली धूळ नव्हे. बँकेत मालतारण कर्जाच्या खात्यात कर्जदाराचे स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याला येई. तरीही गोदामात जाऊन पोती मोजल्याशिवाय आम्ही सही करीत नसू. इथेही मी महिन्यातून एकदा पट बाहेर काढून पाहतो. रंग, वास, झोताचा जोर यांची नोंद वहीत होते. पटाच्या कडेने पलीकडे धुळीची काळी रेघ दिसली तर समजावे की हवा पटातून न जाता फटीतून जात आहे. स्वस्त, मापात न बसणारे पट घेणाऱ्यांच्या घरी हे हमखास दिसते. नव्या पटाची किंमत बारा भागांत वाटून दरमहा बाजूला काढतो. यंत्र विकत घेतानाच हा खर्च गृहीत धरायला हवा. दुकानदार तो आपणहून सांगत नाही.

कण मोजणाऱ्या संवेदकाचे छोटे झाकण दर दोन महिन्यांनी उघडून आतले भिंग कोरड्या कापसाने पुसतो. भिंगावर धूळ बसली तर यंत्र चुकीचे आकडे दाखवू लागते. यंत्र प्राणवायू तयार करीत नाही आणि आपल्या उच्छ्वासाचा वायूही काढून टाकीत नाही. त्यामुळे दुपारी वारा फिरला की अर्धा तास खिडक्या उघडतो. देवघरातला धूप आता व्हरांड्यात लावतो. समई आहे तिथेच आहे.

इनहेलर बंद झालेला नाही, आणि हे यंत्र औषधाची जागा घेते असे मी कोणाला सांगणार नाही. मात्र गेल्या हंगामात रात्री उठून बसण्याचे प्रसंग पूर्वीपेक्षा बरेच कमी आले.

नवा पट गळीत बंद झाल्यावर बसवायचा, असे ठरवले आहे. जुना काढताना तोंडाला मुखपट्टी बांधतो, सौभाग्यवतींना वरच्या मजल्यावर थांबायला सांगतो, पट न झटकता व्हरांड्यातच पिशवीत घालून पिशवीचे तोंड घट्ट बांधतो आणि मगच ती कचऱ्याच्या गाडीत जाते. नव्या पटावरचे प्लॅस्टिकचे वेष्टन आठवणीने काढावे लागते. ते तसेच ठेवून महिनोन्महिने यंत्र चालवणारी दोन घरे मी याच गावात पाहिली आहेत.