ओलीवर जगणारे

जॅक्सनचा सॅलॅमँडर. पिवळाधमक, पाठीवर काळपट पट्टा. ग्वाटेमालाच्या कुचुमातानेस डोंगरात १९७५ साली दोघा तरुण अमेरिकी अभ्यासकांना सापडला आणि मग ४२ वर्षं कुणाच्या नजरेस पडला नाही. २०१७च्या ऑक्टोबरात तिथल्या राखीव जंगलाच्या एका रखवालदाराला तो पुन्हा दिसला. हरवत चाललेल्यांच्या अशा यादीत परत आलेल्याचं नाव क्वचितच लिहायला मिळतं, म्हणून ते पहिलं.

या यादीतले सगळे फुप्फुसं नसलेल्या सॅलॅमँडरांच्या कुळातले. जाती पाचशेच्या आसपास, म्हणजे जगातल्या एकूण सॅलॅमँडरांच्या जवळजवळ दोन तृतीयांश. अंड्यातल्या पिल्लात फुप्फुसाचा कोंब फुटतो, पण थोड्याच दिवसांत तो जिरून जातो. पुढे आयुष्यभर श्वास घ्यायचा तो कातडीतून आणि तोंडाच्या अस्तरातून. कातडी सुकली की जीव गेला. बहुतेक जाती अमेरिका खंडांत. थोड्या इटली आणि फ्रान्सच्या कोपऱ्यात, एक कोरियात. आपल्या सह्याद्रीत सॅलॅमँडरच नाहीत. भारतातले आहेत ते पूर्व हिमालयात आणि ईशान्येत, आणि त्यांना फुप्फुसं आहेत.

ओंडक्याखालची ओल. ती अजून आहे, पण किती मोलाची ते आधी सांगायला हवं. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या रानात लाल पाठीचा सॅलॅमँडर राहतो. मादी कुजक्या लाकडाच्या पोकळीत मोजकी अंडी छताला लटकवते आणि त्यांच्याभोवती अंग वळवून आठवडेच्या आठवडे बसून राहते. पाण्याची गरज नाही, बेडूकमाशाची अवस्था नाही. अंड्यातून थेट चार पायांचं इवलंसं पिल्लू बाहेर येतं. न्यू हॅम्पशायरच्या हबर्ड ब्रुक जंगलात १९७०च्या दशकात सॅलॅमँडरांचं एकूण वजन काढलं, तर ते विणीच्या हंगामातल्या सगळ्या पक्ष्यांच्या वजनाच्या दुप्पट भरलं. रानातून फिरणाऱ्याला मात्र पक्षीच ऐकू येतात.

ओआहाकाची सकाळ. दक्षिण मेक्सिकोतल्या ओआहाका शहराजवळच्या सेर्रो सान फेलिपे डोंगरावर स्मिथचा सॅलॅमँडर एकेका सकाळी शेकड्यांनी मिळायचा. सॅलॅमँडरांचे अभ्यासक डेव्हिड वेक आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७०च्या दशकात हे पाहिलं, लिहून ठेवलं. पुढे त्याच डोंगरावर दिवसदिवस शोधूनही एखादा मिळाला तरी नशीब. ग्वाटेमालाच्या ताहुमुल्को ज्वालामुखीच्या उतारावरही तसंच झालं. जुन्या वह्या हातात घेऊन त्याच उंचीवर, त्याच जागी माणसं पुन्हा गेली, तेव्हा मेघवनातल्या एकेकाळच्या मुबलक जाती तिथे नव्हत्या. २००९ साली हे छापून आलं. बेडूक गप्प झाले की रात्र गप्प होते, गावाला कळतं. सॅलॅमँडर ओरडत नाही. त्या वह्या नसत्या तर तो गेल्याचं कुणाला कळलंही नसतं. म्हणून मला त्या वह्यांबद्दल फार कृतज्ञता वाटते.

कारण पुढे बरण्यांत सापडलं. संग्रहालयात दारूत जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांच्या कातडीवरून बोळे फिरवले, तर त्यांवर कायट्रिड या उभयचरांच्या कातडीला लागणाऱ्या बुरशीच्या खुणा मिळाल्या. १९७०च्या दशकात दक्षिण मेक्सिको, मग ग्वाटेमाला, १९८७च्या सुमाराला कोस्टा रिका. बुरशी जेव्हा जिथे पोचली, तेव्हाच तिथले उभयचर ओसरले. श्वासाची जागा तीच, आजाराची जागाही तीच.

थोरियस वंशातले इवलेसे सॅलॅमँडर. शेपूट सोडली तर यातले काही दोन सेंटिमीटरही भरत नाहीत. मेक्सिकोतल्या तीन नव्या जातींना २०१६ साली नावं मिळाली, आणि नाव मिळालं तेव्हाच त्या धोक्यात असल्याचं नोंदवावं लागलं.

झाडांवर वाढणाऱ्या ब्रोमेलियाड वनस्पतीच्या पानांच्या बेचक्यातलं पाणी. उंच फांदीवरचं, मेघवन तोडलं की सुकणारं. बोलिटोग्लॉसा वंशातल्या कितीतरी जाती अशा ठिकाणी राहतात. या वंशातल्या एका जातीची जीभ ज्या जोराने सुटते, त्या जोरासाठी नुसते स्नायू पुरेसे नाहीत. आधी ताण साठवून मग तो एकदम सोडला जातो.

टेक्सासच्या पोटातलं पाणी. ब्लँको आंधळा सॅलॅमँडर १९५१ साली ब्लँको नदीच्या कोरड्या पात्रात सापडला. आज त्याचा एकच नमुना शिल्लक आहे. त्याचं घर म्हणजे एडवर्ड्स भूजलसाठा, आणि त्याच पाण्यावर सॅन अँटोनियोसारखी शहरं जगतात.

शेनँडोआ सॅलॅमँडर. व्हर्जिनियातल्या तीन शिखरांवर, उत्तरेकडच्या दगडांच्या राशीत. खालची ओलसर जमीन लाल पाठीच्या सॅलॅमँडरने धरलेली, आणि शिखराच्या वर चढायला डोंगरच उरलेला नाही.

आणखी एक बुरशी आहे, खास सॅलॅमँडर खाणारी. नेदरलँड्समधल्या आगसॅलॅमँडरांवर ती सापडली आणि २०१३ साली तिला नाव मिळालं. अमेरिकेतल्या रानांत तिची नोंद नाही. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून ती येऊ नये म्हणून जानेवारी २०१६मध्ये अमेरिकेने २०१ जातींच्या सॅलॅमँडरांची आयात बंद केली, पुढच्या वर्षी कॅनडाने सगळ्याच सॅलॅमँडरांची.