ऋण सोडणे

प्रभू येशूने शिकविलेली प्रार्थना आपल्या देवळात लहानांपासून थोरांपर्यंत सर्वांना पाठ असते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील त्या प्रार्थनेत क्षमेसाठी मराठीत आलेला शब्द हिशेबाच्या वहीतला आहे : ऋण. उद्यमबागेतल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. येथे फाउंड्रीपासून लेथच्या छोट्या शेडपर्यंत बराचसा व्यवहार उधारीवर चालतो.

माझेही एक येणे बरीच वर्षे अडकले आहे. ओळखीच्या एका गृहस्थांनी जॉबवर्क करून घेतले आणि पैसे द्यायच्या वेळी तोंड फिरविले. पैशाचे दुःख काही महिन्यांत ओसरले, राग मात्र राहिला. ते रस्त्यात दिसले की त्या दिवशी जेवण गोड लागत नसे. त्यांना याची खबरही नव्हती. मुद्दल त्यांच्याकडे आणि व्याज भरणार मी, असा तो उलटा हिशेब होता.

अशा वेळी मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या बाईवर हा केवढा आघात ! सुमारे पाच वर्षे त्या पतीपासून दूर, नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही त्यांनी आपला स्वयंपाक काही काळ वेगळाच ठेवला. कोणी सांगितले म्हणून त्यांचे मन बदलले नाही. स्वतः विचार करून, एकेक गाठ सोडवत त्या पुढे आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचताना आश्चर्य वाटते ते याचे, की सोसलेले काहीही त्या लपवीत नाहीत, तरी कडवटपणा नाही. उलट हसू येते. १९१९ मध्ये टिळक वारले, तेव्हा अपुरे राहिलेले त्यांचे 'ख्रिस्तायन' पुढे लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले.

क्षमा म्हणजे विसरणे नव्हे, हे त्यांच्यापासून शिकावे. आणि क्षमा म्हणजे अन्यायाला माफक समजणेही नव्हे. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स व त्यांची दोन लहान मुले जिवंत जाळली गेली. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली. खटला मात्र आपल्या मार्गाने चालला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. शिक्षा देणे न्यायालयाचे काम. द्वेष सोडणे आपले.

म्हणून मीही दोन खाती वेगळी केली. पैशांची मागणी मी रीतसर चालू ठेवली आहे, कारण त्यात कामगारांचेही कष्ट आहेत. पण रोजच्या प्रार्थनेत त्या गृहस्थांचे व त्यांच्या मुलाबाळांचे नाव घेऊ लागलो. सुरुवातीला जीभ वळत नसे. वर्षभराने नाताळचा फराळ त्यांच्या घरी पाठविला. पैसे अजून आलेले नाहीत. जेवण मात्र गोड लागते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमची उधारी लहान असते : मोडलेला कंपास, खेळात दिलेला धक्का, मित्राने ठेवलेले टोपणनाव. सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडावा, असे पौल इफिसकरांस सांगतो. लहान रक्कम त्याच दिवशी फेडलेली बरी. मोठी झाली की व्याजच जड जाते.