दुसऱ्याच्या खात्यावरची जमा

क्रिकेटच्या धावफलकावर फलंदाजापुढे धावा लिहिल्या जातात आणि गोलंदाजापुढे बळी. प्रशिक्षकासाठी तेथे रकानाच नसतो. ज्याचे सारे श्रम दुसऱ्यांच्या नावे जमा होतात, अशा व्यवसायाचे मोल कसे ठरवावे? आपणा व्यापारी माणसांना हा प्रश्न स्वाभाविकच पडतो. उत्तरादाखल मला चंद्रकांत पंडित यांची कारकीर्द नेहमी आठवते.

मुंबईत रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली तयार झालेले पंडित यष्टिरक्षक-फलंदाज होते. 1986 ते 1992 या काळात ते भारताकडून 5 कसोटी आणि 36 एकदिवसीय सामने खेळले. पुढे ते मध्य प्रदेशाकडून खेळू लागले. एप्रिल 1999 मध्ये बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा त्या संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. पहिल्या डावात आघाडी मिळालेली असल्यामुळे सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक मध्य प्रदेशाचाच होता. परंतु शेवटच्या दिवशी डाव कोसळला आणि कर्नाटकाने 96 धावांनी विजय मिळविला.

खेळाडूची कारकीर्द संपली आणि पंडितांनी प्रशिक्षकाचा व्यवसाय स्वीकारला. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने 2003, 2004 आणि 2016 साली रणजी करंडक जिंकला. जानेवारी 2017 मध्ये मात्र गुजरातकडून अंतिम सामन्यात पराभव झाला आणि पुढच्या हंगामात ते मुंबईबरोबर नव्हते. अशा व्यवसायात मागील वर्षांची पुण्याई फार काळ चालत नाही. दर हंगामाचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

ते विदर्भाकडे गेले. त्या संघाने तोवर रणजी करंडक एकदाही जिंकला नव्हता. 1 जानेवारी 2018 रोजी इंदूरला दिल्लीचा पराभव करून विदर्भाने तो जिंकला, आणि पुढच्याच वर्षी नागपुरात सौराष्ट्राला नमवून पुन्हा जिंकला. चाळिशी गाठलेल्या वसीम जाफरने त्या दुसऱ्या हंगामात हजारावर धावा केल्या. इतिहासात त्या धावा जाफरच्या नावे आहेत, विजय कर्णधार फैझ फझलच्या संघाच्या नावे आहे, आणि तसेच असणे योग्यही आहे.

त्यानंतर पंडित मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक झाले. 26 जून 2022 रोजी त्याच चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशाने मुंबईला 6 गडी राखून हरविले आणि आपला पहिला रणजी करंडक उचलला. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांनी शतके झळकावली. सीमारेषेबाहेर पंडितांना अश्रू आवरले नाहीत. आपल्या वहीत जुनी बाकी नव्या पानावर ओढतात, तशी ती बाकी त्यांनी 23 वर्षे पुढे ओढत आणली होती. ती फिटली, पण बॅट इतरांच्या हाती होती.

हे सारे मी इतक्या आस्थेने सांगतो, कारण सध्या आमच्याच घरात हा प्रश्न उभा आहे. सांगलीत आमची हळदीची अडत आहे. माझ्या पुतण्याची राज्याच्या संघात निवड झाली नाही आणि आता होणारही नाही, हे त्याचे त्यालाच कळले आहे. तरीही त्याला दुकानावर बसायचे नाही. त्याला प्रशिक्षक व्हायचे आहे. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, त्यांनी एकच विचारले, "दुसऱ्यांची पोरं शिकवून याच्या खात्यावर काय जमा होणार?"

मी त्यांना पंडितांची हकीकत सांगितली. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "असा एक होतो. बाकीच्यांचं काय?" हा प्रश्न खरा आहे आणि त्याला बगल देणे उचित नव्हे. बहुतेक प्रशिक्षकांच्या वाट्याला करंडक येत नाही. पहाटेचे मैदान, बेताचे मानधन आणि आपल्याला मागे टाकून पुढे जाणारे विद्यार्थी, एवढेच येते. तेवढ्यावर समाधान मानता येईल त्यानेच या वाटेला जावे.

पुतण्या सध्या सकाळी पंचवीसेक मुलांना शिकवतो. एके दिवशी त्याची वही अण्णांच्या हाती पडली. प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र पान होते: कोणाचा पाय चेंडूपर्यंत पोहोचत नाही, कोणाचा खांदा आधीच उघडतो, कोण हरल्यावर दोन दिवस येत नाही, आणि त्यावर काय केले, काय फरक पडला, तारखेनिशी. अण्णांनी बरीच पाने उलटली. "हिशेब तर चोख ठेवलाय," एवढेच म्हणाले आणि दोन हंगामांची मुदत दिली.

नव्या व्यापाऱ्याला आपण माल उधारीवर देतो, तो त्याच्या तिजोरीकडे पाहून नव्हे. त्याची वही आणि त्याची सचोटी पाहून. मुलांच्या वेगळ्या वाटांना आपण तेवढीच मुदत द्यावी, असे मला वाटते. दोन वर्षांनी काय निघेल, ते आज कोणी सांगू शकत नाही. परंतु काही माणसांचा नफा दुसऱ्यांच्या पानावर दिसतो, आणि तो वाचता येणे हीसुद्धा एक व्यवहारदृष्टीच आहे.